फडताळातली सातेरी मधमाशी पेटीत कशी आणावी

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात ग्रामीण डाकसेवक आहे. सकाळी थैली उघडायची, वाड्यावाड्यांतून टपाल वाटायचं, दुपारी मोकळं. अठरा वर्षं त्याच पाखाड्या चढून-उतरून आता असं झालंय की कुणाच्या घरात कोण आलंय यापेक्षा कुणाच्या भिंतीत कोण आलंय ते मला आधी कळतं. घरामागे माझ्या सात मधपेट्या आहेत. त्यातल्या पाच लोकांच्या भिंतींतून आणलेल्या.

गेल्या शिमग्याला नऊ दिवस राहिले होते. मुंबईहून घर उघडायला आलेल्या वहिनी मला बघून पायरीवर आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, माजघरातलं फडताळ माश्यांनी भरलंय. पालखी घरात यायचीय. काय फवारू सांगा."

हा प्रश्न सगळ्यांचा असतो, काय फवारू. म्हणून आधी फवारण्याचं सांगतो. खालच्या वाडीत एकाने शहरातून माणूस बोलावून भिंतीत औषध मारून घेतलं होतं. माश्या मेल्या, माणूस पैसे घेऊन गेला. पोळी मात्र आतच राहिली. जिवंत माश्या पंख हलवून, पाणी आणून पोळं थंड ठेवतात. त्या गेल्या की उन्हाने मेण मऊ पडतं आणि मध खाली येतो. वैशाखात त्या घराच्या चुन्यातून तपकिरी ओघळ उतरले, मुंगळ्यांची रांग लागली, मेलेल्या पिलाव्याचा (पोळ्यातल्या अंडी-अळ्यांचा) वास महिनाभर गेला नाही. पुढे मेणकिडा पडला. शेवटी भिंत फोडावी लागलीच. विषारी मध दुसऱ्या वसाहतींच्या माश्या चोरून नेतात, ते आणखी वेगळं. माझ्याही एका पेटीसमोर तेव्हा माश्यांचा खच पडला होता.

तर फवारायचं नाही. दारही उघडायचं नाही आणि बाहेरचं भोक बुजवायचं नाही. भोक बुजवलं की माश्या दुसरी वाट शोधतात आणि ती वाट बहुतेक वेळा माजघरात निघते.

माश्या कोणत्या, हे मग बघायचं. भिंतीत, वारुळात, झाडाच्या ढोलीत, असा अंधार धरून राहणारी ती सातेरी. तिची पोळी एकाशेजारी एक टांगलेली असतात, पाच-सात तरी. (खाली सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी म्हणजे वारुळाच्या रूपातली देवी. माझी आजी वारुळातल्या माश्यांना म्हणूनच हात लावू देत नसे.) डासाहून थोड्या मोठ्या, काळ्या, भोकातून राळेची नळी बाहेर काढणाऱ्या असतील तर त्या पोया. त्यांना नांगी नाही, त्यांना राहू द्या. कागदासारखं करडं पोळं असेल तर गांधीलमाश्या, तिथे या लेखातलं काहीच लागू नाही. आणि उघड्यावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा गच्चीच्या सज्जाला एकच भलंमोठं पोळं लोंबत असेल तर ते आग्या मोहोळ. त्याच्या खालून माणसं, गुरं, पोरं लांब ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. मी अठरा वर्षांत आग्याला हात लावलेला नाही, लावणारही नाही.

आणखी एक फरक. माश्यांचा नुसता घोस दाराच्या चौकटीला किंवा आंब्याच्या फांदीला लटकलाय, पोळं नाही, तर ते प्रवासी. जुनी वसाहत सोडून राणी निघाली आहे, नवं घर शोधणं चाललंय. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत उठून जातात. त्या वेळी त्यांच्याकडे राखायला ना पिलावा ना मध, म्हणून त्या शांतही असतात. लांबून बघा, बस्स.

वहिनींकडे प्रवासी नव्हते. घराच्या मागच्या अंगाला जाऊन मी जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधलं भोक अर्धा तास बघत बसलो. चुना पडून बोटभर फट झाली होती. आत जाणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळे गोळे होते. ते पराग. पराग भरभरून आत जातोय म्हणजे आत पिलांना चारणं चालू आहे, म्हणजे राणी अंडी घालते आहे, म्हणजे बिऱ्हाड पक्कं आहे. मग माजघरात येऊन बंद फडताळाच्या दारावर हाताची मागची बाजू टेकवत गेलो. डाव्या दाराचा वरचा भाग कोमट लागला. पिलाव्याची जागा माश्या ३३ ते ३५ अंशांवर राखतात, लाकडाच्या फळीतूनही ते कळतं. जाड भिंत असेल तर रात्री स्टीलचा पेला पालथा लावून कान द्या, गुणगुण जिथे सगळ्यात दाट तिथे पोळी.

हे सगळं आधी करायचं कारण भिंत कुठे उघडायची ते नक्की हवं. भोक एकीकडे आणि पोळी तिथून तीन हात लांब, असंही मी पाहिलंय.

दिवस निवडताना पाऊस सोडा. आषाढ-श्रावणात बाहेर फुलं नाहीत, माश्या उपाशी आणि चिडक्या असतात, आणि त्या दिवसांत नव्या पेटीत टिकतही नाहीत. फाल्गुन उत्तम, काजू-आंबा मोहरलेला, पुढे करवंद-जांभूळ यायचंय. मी रविवार धरला. चार वाजता सुरुवात. चारला निम्म्या माश्या बाहेर चरायला असतात, आत गर्दी कमी. आणि काम संपेपर्यंत पावणेसात होतात, सूर्य बुडतो, बाहेरच्या सगळ्या घरी परततात. सकाळी सुरुवात केली की दुपारी तुम्ही पेटी बंद करून निघता आणि संध्याकाळी शेकडो माश्या येऊन रिकाम्या भिंतीला लटकतात. माझ्या पहिल्या खेपेला तसंच झालं. त्या घरच्या म्हातारीने तीन दिवस मला शिव्या घातल्या, आणि त्या बरोबर होत्या.

सामान फार नाही. सातेरीची लाकडी पेटी आणि तिच्या रिकाम्या चौकटी. बुरखा, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, लेंगा मोज्यात खोचलेला. (काळं कापड, लोकरी कापड, अत्तर नको.) धुराडं, म्हणजे धूर सोडायचा डबा, त्यात सुकी गोवरी आणि नारळाचं सोडण. पातळ पात्याची सुरी, गरम पाण्याचं भांडं, कोंबड्याचं मोठं पीस, दोन परात्या, एक झाकणाचा डबा, रिकामी काड्यापेटी. आणि केळीचा सोप, म्हणजे खोडाची साल, आदल्या दिवशी पट्ट्या काढून भिजत ठेवलेला. पोळं चौकटीला बांधायला सोपासारखं काही नाही. पोळ्यात रुतत नाही, आणि काम झालं की माश्या तो कुरतडून बाहेर टाकतात. नायलॉनची दोरी मेण कापते, ती नको.

घरातल्या माणसांना आधी एक गोष्ट विचारायची, कुणाला पूर्वी माशी चावून अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, असं झालंय का? झालं असेल त्याने त्या दिवशी दुसऱ्या वाडीत जायचं. स्वतःला झालं असेल तर हे काम तुमचं नाही. एरवी चावली तर काटा लगेच काढा. नखाने खरवडून की चिमटीने याचा विचार करत बसू नका, कारण तुटलेल्या नांगीची पिशवी विष सोडतच राहते. मग जागा धुवा, धूर द्या. चावलेल्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. आणि वर सांगितलेली लक्षणं कुणातही दिसली तर घरचे उपाय न करता १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना.

वहिनींच्या सासूबाईंना मी शेजारी पाठवलं. दिरांना म्हटलं, तुम्ही फक्त परात धरा. मेन स्विच पाडला, कारण बोर्डाची वायर फडताळाच्या कडेने गेली होती.

आता धूर. इथे बहुतेक लोक चुकतात. धूर म्हणजे माश्यांना हाकलणं नव्हे. बाहेरच्या भोकाशी तीन-चार फुंकर, पांढरा थंड धूर, हातावर घेतला तर भाजू नये असा. मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. आग लागली असं वाटून माश्या पोटभर मध भरून घेतात, आणि धुरात त्यांचा तो केळ्याचा वासही दबतो. सातेरीला जास्त धूर दिलात तर ती पोळी सोडून कोपऱ्यात पळते. राणीही त्या पळापळीत निसटते, मग रात्रभर शोधत बसा.

डावं दार मी सावकाश सोडवलं. पोळ्याचा एक कोपरा दाराला चिकटलेला होता, म्हणून आधी फटीतून सुरी फिरवून घेतली. दार उघडलं आणि दिरांनी परात खाली ठेवून हात जोडले. सहा पोळी, वरच्या फळीपासून खाली आलेली, पाठीला पाठ लावून. समोरच्यावर माश्यांची लाट सरकत होती, सगळ्या मिळून अंग झटकल्यासारखा एक सुस्कारा. सातेरी असा आवाज करते. घाबरू नका, ती चावण्याची खूण नाही.

पुढचं काम घाईत करायचं नाही. पोळं कसं रचलेलं असतं ते डोक्यात ठेवा. सगळ्यात वर मध, त्याखाली परागाचा पट्टा, मग पिलावा. मधाची झाकणं पांढरट, पिलाव्याची तपकिरी. खालच्या काठाला मोठी घरं, ती नरांची, त्यांच्या झाकणाला मधोमध टाचणीएवढं भोक. काठाला शेंगदाण्याच्या शेंगेसारखं काही लोंबत असेल तर ते राणीचं घर, त्याला बोट लावू नका.

पुढचं पोळं पिसाने झाडून माश्या मागे सारल्या. सुरी गरम पाण्यात बुडवून वरून कापलं, दुसऱ्या हाताचा पंजा खाली. कापलेलं पोळं कधी आडवं उचलू नये, नवं असेल तर स्वतःच्या वजनाने मोडतं. परातीवर ठेवून मधाचा वरचा भाग वेगळा केला, तो सरळ डब्यात, झाकण बंद. पिलाव्याचा भाग चौकटीच्या मापाने कापून वरच्या पट्टीला घट्ट टेकवला आणि सोपाने दोन ठिकाणी बांधला. वरची बाजू वरच राहिली पाहिजे. पोळ्यातली घरं किंचित वर तोंड करून असतात, उलटं बांधलंत तर सगळं उतरतं झालं. आणि ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने पेटीत लावायची.

मधाची पोळी पेटीत का नाही? एकदा मला दया आली, त्यांचं त्यांना खायला असू दे म्हणून मधासकट पोळी बांधली. वाटेत एक मोडलं, तळपाटावर मध सांडला, रात्री मुंग्या शिरल्या. सकाळी पेटी रिकामी. खायला घालायचं ते नंतर, साखरेचं पाणी.

चौथ्या पोळ्यावर राणी दिसली. दिरांनी आधी पाहिली, हे कबूल करायला हवं. कामकरी माशीपेक्षा लांब, काळपट, पोट पंखांच्या बाहेर आलेलं, चाल वेगळी. उजेड पडला की ती सावलीकडे निघते, म्हणून पोळं उचललं की आधी अंधाऱ्या बाजूला बघायचं. तिला पोटाला धरायचं नाही. पंखांना हलकं धरून किंवा वर काड्यापेटी पालथी घालून आत घ्यायचं. काड्यापेटीला टाचणीने भोकं पाडून ठेवलेली होती. दोन कामकऱ्या सोबतीला गेल्या त्या गेल्या. ती डबी मी बांधलेल्या दोन चौकटींच्या मध्ये बसवली.

राणी दिसली नाही तर? निम्म्या वेळा दिसत नाही. मग बाकीचा घोस हलक्या हाताने वाटीने पेटीत सोडायचा, किंवा घोसाच्या वर रिकामं अंधारं सूप धरून थोडा धूर खालून द्यायचा. माश्या वर, अंधारात चढतात. मग पेटीच्या तोंडाशी लक्ष ठेवा. दाराशी काही माश्या डोकं आत करून, पोट वर उचलून पंख मारत उभ्या राहिल्या आणि बाहेरच्या रांगेने आत जायला लागल्या, तर राणी आत आहे. उलट पेटीतल्याच परत फडताळाच्या कोपऱ्याकडे जाऊ लागल्या तर ती त्या कोपऱ्यात आहे, पुन्हा वाटी घ्या. ती चिरडलीच गेली असेल तरी सगळं संपलं असं नाही. बांधलेल्या पोळ्यात अंडी असतील (घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी काडी) तर माश्या त्यातून नवी राणी करतात. अंड्यापासून राणी बाहेर यायला सुमारे १६ दिवस, कामकरीला २०. नव्या राणीचा नरांशी उडून संग व्हायला आणखी दिवस लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

साडेपाचला फडताळ रिकामं झालं. पेटी तिथेच फळीवर ठेवली, तिचं तोंड बाहेरच्या भोकाकडे. चरून येणाऱ्या माश्या त्याच वाटेने येतात आणि आत बहिणींचा वास घेऊन पेटीत शिरतात. वहिनींनी चहा आणला, आम्ही बसून राहिलो. दिर विचारत होते, आता झालं ना, न्या की. नाही. हीच सगळ्यात मोठी मेहनत, बसून राहणं.

सातला अंधार पडला. टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळला, माश्यांना लाल रंग दिसत नाही, त्यामुळे त्या उजेडावर येत नाहीत. पेटीच्या तोंडाला बारीक जाळी ठोकली, वर ओलं फडकं, आणि स्कूटरवर मागे बांधून माझ्या घरी. साडेतीन किलोमीटर. वाडीतच दहा घरं पलीकडे ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी चरायला गेलेल्या माश्या सवयीने पुन्हा वहिनींच्या भिंतीवर आल्या असत्या. दोन-तीन किलोमीटर लांब नेलं की त्या नवी जागा नव्याने पाठ करतात.

भिंतीचं काम दुसऱ्या दिवशी सकाळीच उरकायचं, कंटाळा करायचा नाही. मेणाचा एक पापुद्राही राहिला तर त्याच्या वासाने पुढच्या फुलोऱ्यात दुसरा घोस दारात हजर. खरवडून काढा, गरम पाणी आणि साबणाने दोनदा धुवा, वाळलं की चुना मारा. पोकळी भरून टाका. आम्ही जांभ्याच्या कपच्या आणि सिमेंट भरलं. हवेसाठी झरोका ठेवायचाच असेल तर त्याला डासांची जाळी मारा, कोंबड्यांची नव्हे.

स्लॅबची, काँक्रीटची भिंत असेल, उघडताच येत नसेल, तर भोकावर जाळीचा निमुळता शंकू बसवून माश्यांना एकाच दिशेने बाहेर पडू देतात आणि शेजारी पिलाव्याची पेटी ठेवतात. आठवडे लागतात, राणी आत राहते, मधही आत राहतो. मी दोनदा केलंय. दोन्ही वेळा मला ते आवडलं नाही.

ज्यांना हे शिकायचंय त्यांनी वाचून करू नये. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. दोन्हीकडे शिकवतात. मी महाबळेश्वरला दहा दिवस होतो. पहिल्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मधपाळाने माझ्या हातातलं धुराडं काढून घेतलं आणि म्हणाला, आधी नुसता बघत बस.

पेटी घरी आल्यावर तिच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्यांसाठी. तोंडाला राणीरोधक जाळी लावली. तिच्या फटीतून कामकऱ्या जातात, राणी जाऊ शकत नाही. सातेरीला जागा आवडली नाही तर ती सगळं टाकून निघते, आणि पहिले चार-पाच दिवस तिचं मन उठलेलंच असतं. काड्यापेटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडून राणीला मोकळं केलं. रोज अंधार पडल्यावर साखर आणि पाणी सारखं घेऊन वाटीत, त्यात गवताच्या काड्या टाकून, पेटीच्या आत ठेवत होतो. दिवसा ठेवलं की बाकीच्या सहा पेट्यांच्या माश्या लुटायला येतात.

पालखी आली त्या रात्री मी वहिनींकडेच होतो. माजघरात ढोल वाजत होते, फडताळाच्या जागी ओला चुना होता, त्यावर कुणा पोराच्या पाच बोटांचा ठसा. मध सव्वातीन किलो निघाला होता. दोन त्यांनी ठेवला, सव्वा मला दिला.

सहाव्या दिवशी सकाळी थैली उघडायला निघण्याआधी पेटीजवळ गेलो. आत जाणाऱ्यांच्या पायांवर पिवळा पराग होता. राणीरोधक जाळी काढली. पेटीसमोरच्या फरशीवर केळीच्या सोपाचे कुरतडलेले तुकडे पडले होते, आणि एक माशी आणखी एक लांब तंतू ओढत दाराशी आणत होती.